धप्पा

(फिल्म सुरू होते. शनी चौक, रंगपंचमीची दुपार. सुरुवातीला फक्त पाण्याचा आणि माणसांचा आवाज.)

नाशकात रंगपंचमीला माणसं रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जमिनीतल्या हौदात, उडी मारतात. त्या उडीला आम्ही धप्पा म्हणतो. रहाडी पेशवेकाळापासूनच्या. वर्षभर फळ्या टाकून, वर माती लोटून बुजवलेल्या असतात. आपण त्यावरून गाडी नेतो आणि खाली काय आहे ते आठवतही नाही. प्रत्येकीचा रंग ठरलेला. शनी चौकातला गुलाबी.

फोटोग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला काम मिळालं होतं: मोठ्या छायाचित्रकारांपैकी तिघं निवडा आणि त्यांच्या फोटोंना आपल्या फोटोंनी उत्तर द्या. मी पहिला निवडला हेन्री कार्तिए-ब्रेसाँ. वर्गातल्या निम्म्या लोकांनी तोच निवडला होता, हे नंतर कळलं.

त्याचा एक फोटो: १९३२ सालचं पॅरिस. सेंट लझार स्टेशनच्या मागे पाणी साचलंय आणि एक माणूस त्यावरून उडी टाकतोय. टाच पाण्याला टेकणार, टेकणार, पण टेकलेली नाही. मागे भिंतीवरच्या पोस्टरमधली नर्तकीसुद्धा तशीच उडतेय. मला वाटलं, उडीच हवी ना? उड्यांना आपल्याकडे काय तोटा!

(रहाडीच्या काठावर गर्दी. एक मुलगा हवेत.)

माझा कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढतो. त्या दुपारी मी तीनशे चाळीस काढले. घरी येऊन पाहिले, तर कुठे अर्धं डोकं, कुठे नुसता शिंतोडा, कुठे मध्येच कुणाचा तरी हात. धप्पा एकही नाही.

मग ब्रेसाँचं वाचायला बसले. त्याच्या १९५२च्या पुस्तकाच्या इंग्रजी नावातून ‘निर्णायक क्षण’ हा शब्द जगभर झाला. मूळ फ्रेंच नाव मात्र वेगळंच आहे. त्याचा अर्थ साधारण ‘घाईगडबडीत, चोरूनमारून टिपलेली चित्रं’. आणि तो उडीचा फोटो त्याने कुंपणाच्या फटीत लेन्स घालून काढला होता. डावीकडे कुंपण आलं, ते नंतर कापून टाकलं. तो माणूस त्याला नीट दिसतही नव्हता. हे वाचून इतकं बरं वाटलं की काय सांगू. आणि थोडा रागही आला. क्षणाच्या नावाने आम्हाला दोन वर्षं किती घाबरवलं होतं!

(रहाडीवरच्या मुलाचा फोटो, कृष्णधवल.)

तरी एक फोटो ब्रेसाँसारखा दिसावा म्हणून मी त्यातला रंग काढून टाकला. आईने मोबाईलवर बघितला आणि विचारलं, “हे लोक चिखलात का पडलेत गं?”

दुसरा छायाचित्रकार मला आईच्या त्या प्रश्नाने दिला. रघुबीर सिंह, जयपूरचा, जन्म १९४२चा. गंगेवर, मुंबईवर, अगदी अॅम्बेसेडर गाडीवरसुद्धा त्याने काम केलं, तेही रंगात. ‘गंभीर’ छायाचित्रण म्हणजे कृष्णधवल असं मानलं जायचं, त्या काळात. त्याचे फोटो बघताना आधी रंग दिसतो, मग माणूस, आणि मग कळतं की हे दोन वेगळे नाहीतच. गुलाबी काढला की रहाडीत उरतं काय? मी तो फोटो पुन्हा रंगात आणला. उत्तर म्हणून हे फार मोठं नाही, मान्य आहे.

(गोदाघाट. बुधवारचा बाजार.)

तिसरी डोरोथिआ लँग. तिच्यापाशी मी सर्वांत जास्त अडकले.

मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो. थंडीने मटाराचं पीक गेलेलं, तोडणीला आलेले मजूर उपाशी. थंडीने पीक जाणं म्हणजे काय, हे निफाडच्या द्राक्षवाल्याला सांगावं लागणार नाही. तंबूत बत्तीस वर्षांची आई, खांद्यांवर तोंड लपवलेली दोन मुलं, मांडीवर तान्हं. जगातल्या सर्वांत जास्त छापल्या गेलेल्या फोटोंपैकी हा एक. लँगने तिचं नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव लोकांना कळलं ते १९७८मध्ये, आणि तेव्हा ती बाई म्हणाली की हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं.

बुधवारी मी बाजारात मेथी विकणाऱ्या एका आजीचा फोटो काढला. उन्हाची तिरीप फडक्याखालून थेट तिच्या गालावर आली होती. मी खूश. तिने तराजू खाली ठेवला.

“काय गं पोरी, फोटू कुठं जाणार हा?”

“कॉलेजला, आजी.”

“अन् तिथून?”

मला सांगता येईना. एक जुडी घेतली आणि निघाले.

पुढच्या बुधवारी प्रिंट घेऊन गेले. आठ बाय दहा, चकचकीत. या वेळी आधी नाव विचारलं. तिने सांगितलं, आणि लगेच म्हणाली, “पण ते कुठं लावू नको हां.” म्हणून या फिल्ममध्ये ते नाही.

(आजीचे हात, मांडीवर प्रिंट.)

प्रिंट तिने लांब धरली, मग जवळ घेतली. चेहऱ्यावर तिची नजर थांबलीच नाही. बोट खाली, कोपऱ्यातल्या जुड्यांवर टेकलं.

“मेथी सुकलेली दिसती यात,” ती म्हणाली. “पाणी मारल्यावर काढायचा ना.”