मायक्रोबायोम टेस्ट: आमवाताच्या रुग्णाने करावी का?

[दृश्य: हातमोजे घातलेले हात, प्लॅस्टिकची नळी, झाकणाच्या आत बसवलेला छोटा चमचा]

नमुना अगदी थोडा लागतो. शौचाचा जरासा भाग या चमच्यावर घ्यायचा, नळीतल्या द्रवात बुडवायचा, झाकण घट्ट लावायचं आणि नळी चांगली हलवायची. हा द्रव जिवाणूंची वाढ जागच्या जागी थांबवतो. तो नसता तर प्रवासात काही जिवाणू वाढले असते, काही मेले असते, आणि घरी घेतलेला नमुना एक, प्रयोगशाळेत पोचलेला दुसराच, असं झालं असतं.

आतड्यातल्या सूक्ष्मजीवांची ही तपासणी करून घेणाऱ्यांत रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, म्हणजे आमवाताचे रुग्णही आहेत, आणि त्यांचं करणं समजण्यासारखं आहे. सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडलेली असतात. मूठ वळत नाही, नळाची तोटी फिरत नाही. कारण विचारलं तर उत्तर मिळतं, की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटली आहे. ती का उलटली, याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडेच नाही. मग कुठून तरी कानावर येतं, की सगळ्याचं मूळ आतड्यात आहे.

या म्हणण्यात तथ्य आहे. किती आहे, ते बघायला आधी प्रयोगशाळेत जाऊ.

[दृश्य: यंत्रात जोरात हलणाऱ्या नळ्या, मोठा आवाज]

पहिलं काम फोडाफोडीचं. नमुन्यात अगदी बारीक मणी टाकतात आणि यंत्र या नळ्या जोरजोरात हलवतं. मण्यांच्या माऱ्याने जिवाणूंच्या भिंती फुटतात आणि आतला डीएनए बाहेर येतो. काहींची भिंत पातळ असते, ते लगेच फुटतात. काहींची जाड असते, ते सहजासहजी दाद देत नाहीत. हलवणं कमी पडलं तर जाड भिंतीचे जिवाणू अहवालात कमी दिसतात, आतड्यात ते भरपूर असले तरी. म्हणजे अहवालातले आकडे इथूनच, या खडखडणाऱ्या यंत्रापासूनच, इकडेतिकडे व्हायला लागतात.

[दृश्य: पिपेटमधून सुटणारा थेंब, सीक्वेन्सिंग यंत्राचा उजळलेला पडदा]

आता ओळख पटवायची. प्रत्येक जिवाणूत १६एस आरआरएनए नावाचं एक जनुक असतं, साधारण १,५०० अक्षरांचं. त्याचा बराच भाग सगळ्यांत जवळपास सारखा असतो, मात्र मधले नऊ पट्टे जातीगणिक बदलतात. याच रेणूचा माग काढत १९७७ मध्ये कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी आर्किया हा जीवसृष्टीचा एक वेगळाच गट दाखवून दिला होता. आज अनेक चाचण्या या नऊपैकी एखाददोन पट्टे वाचतात. त्यातून जिवाणूचं घराणं कळतं, कधी प्रजातीही कळते. पण एकाच प्रजातीतले वेगवेगळे वाण ओळखता येत नाहीत. शॉटगन सीक्वेन्सिंग ही जास्त खर्चाची पद्धत नमुन्यातला सगळाच डीएनए वाचते आणि तिला बरंच बारकाईने दिसतं.

यंत्रातून बाहेर पडतो तो चार अक्षरांचा अखंड ओघ: ए, टी, जी, सी. संगणक तो साठवलेल्या माहितीशी ताडून बघतो आणि टक्केवारी काढतो. लक्षात घ्या, ही टक्केवारी आहे, मोजदाद नव्हे. एका जिवाणूचा वाटा वाढला की बाकीच्यांचा आपोआप घटलेला दिसतो, प्रत्यक्षात ते होते तेवढेच असले तरी. शिवाय शौचाला घट्ट झालं की पातळ, अलीकडे अँटिबायोटिक घेतलं होतं का, गेले काही दिवस जेवण कसं होतं, याचाही परिणाम या आकड्यांवर होतो.

[दृश्य: गोठवलेल्या कुप्या]

मापनाची मानकं ठरवणाऱ्या एनआयएसटी या अमेरिकी सरकारी संस्थेने २०२५ मध्ये मानवी विष्ठेचा एक संदर्भ-नमुना उपलब्ध करून दिला. आठ कुप्या: चार शाकाहारी माणसांच्या नमुन्याच्या, चार मिश्राहारी माणसांच्या. आत काय आहे ते आधीच कसून तपासलेलं आहे. प्रयोगशाळांनी आपापली पद्धत त्यावर पडताळून बघायची. रक्तातली साखर मोजताना असा आधार कधीचाच पक्का झालेला आहे. इथे तो आत्ता कुठे घातला जातोय.

[दृश्य: आलेख, एकेक खांब वर येताना]

आता संशोधन काय सांगतं ते पाहू. २०१३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातले होसे शेर, डॅन लिटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजार नुकताच सुरू झालेले, अजून औषधं न घेतलेले ४४ रुग्ण तपासले. त्यांच्यापैकी ७५ टक्के जणांच्या आतड्यात प्रेव्होटेला कोप्री हा जिवाणू सापडला. निरोगी माणसांत हे प्रमाण २१ टक्के होतं. या निष्कर्षाचा जगभर बोलबाला झाला, आणि तो होण्यासारखाच होता.

पण त्याच अभ्यासातला तिसरा खांब बघा. ज्यांना हा आजार जुना होता, अशा रुग्णांत हा जिवाणू जेमतेम साडेअकरा टक्के जणांकडे होता. निरोगी माणसांपेक्षाही कमी! म्हणजे वर्षानुवर्षं आमवात असलेल्या माणसाने ही टेस्ट केली, तर बहुतेक वेळा प्रेव्होटेला सापडणारच नाही. सांधे मात्र सुजलेलेच असतील. उलट पाच निरोगी माणसांत साधारण एकाच्या पोटात तो असतो आणि त्यांचं काही दुखत नसतं. अशा आकड्यावरून एका माणसाबद्दल काय सांगणार?

२०१५ मध्ये चीनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की रुग्णांच्या आतड्यातल्या, दातांवरच्या आणि लाळेतल्या जिवाणूंची घडी विस्कटलेली होती, आणि औषधोपचारानंतर ती काही अंशी पुन्हा बसली. औषध चालू होतं, म्हणून जिवाणू सुधारले. जिवाणू सुधारायला वेगळं काही द्यावं लागलं नाही.

[दृश्य: मायक्रोस्कोपवर वाकलेली संशोधक]

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाच्या गटाने रुग्णाच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटिबॉडींचा, माग काढत सबडोलिग्रॅन्युलम कुळातला एक जिवाणू शोधला. तो उंदरांच्या आतड्यात सोडल्यावर त्यांचे पंजे सुजले. उंदरांना दुसरं काहीही टोचलेलं नव्हतं. आम्हाला विचाराल तर या सगळ्या शोधातला हा सर्वांत जबरदस्त धागा आहे. पण घरी येणाऱ्या अहवालातल्या 'तुमचं संतुलन बिघडलं आहे' या ओळीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आणि मेथोट्रेक्सेट. या आजारावरचं पहिलं औषध बहुधा हेच. पुष्कळ रुग्णांना एकट्या मेथोट्रेक्सेटने पुरेसा आराम पडत नाही, आणि कुणाला पडेल हे आधी कळत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचारापूर्वीच्या शौचाच्या नमुन्यावरून हे बऱ्यापैकी ओळखता आलं. पुढेमागे ही टेस्ट खरोखर कामाची ठरली तर ती इथे ठरेल. पण तो अभ्यास काही डझन रुग्णांचा आहे, आणि तेवढ्यावर कुणाचं औषध ठरवता येत नाही.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं, स्टॉकहोम]

या बाई नाना स्वार्ट्झ. १९३७ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत प्राध्यापक झाल्या. सांध्यांच्या या आजारामागे जंतू असावेत असा त्यांचा कयास होता. म्हणून त्यांनी जंतुनाशक सल्फा आणि सूज उतरवणारं सॅलिसिलेट, ही दोन द्रव्यं जोडून एक औषध घडवून घेतलं. त्याचं नाव सल्फासॅलाझिन. गोळी गिळल्यावर हा जोड पोटात टिकतो आणि मोठ्या आतड्यात पोचला की तिथले जिवाणूच तो तोडतात. जिवाणू नसतील तर औषध सुटं होणार नाही. आमवातावर ते आजही दिलं जातं, आणि ते सुरू करण्यापूर्वी कुणी मायक्रोबायोम टेस्ट करायला सांगत नाही. त्याची गरज पडलेली नाही.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर रंगीत वर्तुळं]

हा असा अहवाल येतो. हिरवं, पिवळं, लाल. एक गुण, शंभरपैकी. खाली पूरक गोळ्यांची यादी. डिसेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने लॅन्सेटच्या पोटविकारविषयक नियतकालिकात या चाचण्यांबद्दल एकमताचं निवेदन प्रसिद्ध केलं. रोजच्या उपचारांत या चाचण्यांचा उपयोग दाखवणारा पुरावा तुटपुंजा आहे, रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय त्या करून घेऊ नयेत आणि असे 'संतुलनाचे' गुण अहवालात देऊ नयेत, असा त्याचा आशय. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत व्यायामाची ठाम शिफारस आहे, भूमध्यसागरी धाटणीच्या आहाराची सशर्त शिफारस आहे. पूरक गोळ्या-पावडरींची नाही. यातलं काहीही अमलात आणायला नळी भरून पाठवावी लागत नाही.

[दृश्य: हाताचा एक्स-रे]

आणि अहवालाची वाट बघत औषध लांबवलं, किंवा तो बघून सोडून दिलं, तर हे. हाडाच्या कडेला पडलेली ही खाच सहसा भरून येत नाही.

[दृश्य: डॉक्टर रुग्णाचे सांधे एकेक करून दाबून बघताना]

ही तपासणी बघा. बोटं, मनगटं, कोपरं, खांदे, गुडघे, मिळून २८ सांधे. प्रत्येक सांधा अंगठ्याने दाबून बघायचा, दुखतो का, सुजलाय का. सोबत रक्तात सीआरपी किंवा ईएसआर, म्हणजे शरीरात सूज किती आहे ते दाखवणाऱ्या तपासण्या. निदानाच्या वेळी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, या आजारात रक्तात सापडणारी प्रतिपिंडं. यातला प्रत्येक आकडा काहीतरी ठरवतो: निदान पक्कं करायचं, डोस वाढवायचा, दुसरं औषध जोडायचं, की आहे तेच चालू ठेवायचं. मायक्रोबायोमच्या अहवालातला एकही आकडा आज यातलं काही ठरवत नाही. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: उपचारासाठी म्हणून ही टेस्ट आज पैसे देऊन करू नये. एखाद्या संशोधनासाठी रीतसर संमती घेऊन नमुना मागितला, तर जरूर द्यावा. शोध पुढे जातो तो अशाच नमुन्यांवर.

शौचाच्या काही तपासण्या मात्र या रुग्णांना खरोखर लागतात, आणि त्यांची गल्लत इथे होऊ नये. जुलाब थांबत नसतील तर जंतुसंसर्गाची साधी तपासणी, अँटिबायोटिक घेतल्यानंतर सुरू झाले असतील तर सी. डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जिवाणूची, आतड्याला सूज असल्याची शंका असेल तर कॅलप्रोटेक्टिन या सुजेची खूण असलेल्या प्रथिनाची. या तपासण्या डॉक्टर लिहून देतात आणि त्यांच्या निकालावर उपचार बदलतात. मेथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिक औषध (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग रोखणारं, जिवंत पेशींत बनवलेलं औषध) चालू असताना ताप आणि जुलाब एकदम आले, तर पुढचा डोस घेण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.