भरावाखालची माती

(दृश्य : नागपुरातल्या गांधीसागर तलावाचा काठ. पलीकडे मॉल, मागे रहिवासी मनोरे. दुपारची रहदारी.)

निवेदन :
ज्याला आज आपण गांधीसागर म्हणतो, त्या जुम्मा तलावाशेजारी दीडशे वर्षांपूर्वी दलदल होती. जमशेटजी टाटांनी कापड गिरणीसाठी ती जागा घेतली आणि आधी तिच्यावर भराव टाकायला काढला. टाटांच्या चरित्रात यावरचा एक किस्सा येतो. एका मारवाडी सावकाराने गिरणीला पैसे द्यायला नकार दिला. म्हणाला, हा माणूस खड्डे बुजवायला जमिनीत सोनं घालतोय. पुढे नफा पाहून त्यानेच कबूल केलं, की टाटांनी घातली माती आणि काढलं सोनं.

१ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून नाव पडलं एम्प्रेस. सव्वाशे वर्षं भोंगा वाजला. २००२ मध्ये गिरणी बंद झाली. गणेशपेठेकडे गेलात, तर मॉडेल मिल या दुसऱ्या गिरणीचं नाव अजून चौकाला चिकटलेलं दिसेल. मिलवर उदरनिर्वाह करणारी माणसं आता म्हातारी झाली.

सावकाराला त्या भरावात सोनं दिसलं. आपण त्याच भरावाबद्दल एक साधी चौकशी करू. तिथे किंवा अशा कुठल्याही जुन्या कारखान्याच्या जागेवर, शंभर वर्षांत मातीत काय काय मुरलं?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. अमुक गिरणीची जमीन विषारी आहे, असा आमचा दावा नाही. ते सांगायला नमुने लागतात. मुद्दा नमुने घेण्याचाच आहे.

(दृश्य : सिटी सर्व्हे ऑफिसचा व्हरांडा. नकाशाची घडी उलगडणारे हात.)

निवेदन :
नागपुरात प्लॉट घेणारा माणूस आधी विचारतो, "आरएल आहे का?" म्हणजे प्लॉटचं रिलीज लेटर. मग आखीव पत्रिका, म्हणजे मालकीचा सिटी सर्व्हेचा उतारा बघतो, एफएसआय किती मिळेल ते बघतो, मेट्रो स्टेशन किती लांब ते बघतो. आखीव पत्रिकेवर मालकांची नावं ओळीने येतात. त्या जागेवर रंगखातं होतं की तेलाचं गोदाम, हे त्या कागदावर येत नाही.

बांधकामाआधी माती तपासली जाते, हे खरं. पण ती तपासतो स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि त्याला हवी असते भार पेलण्याची ताकद. काळी माती पावसात किती फुगेल आणि मुरूम किती खोलीवर लागेल, हे त्या अहवालात असतं. त्याच मातीत शिसं किती, हा त्या अहवालाचा विषय नाही. वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्या मंजुरीत सहसा अशी अट असते, की जड धातू झिरपून भूजलाला धोका नाही ना, हे माती आणि पाण्याचे नमुने घेऊन तपासावं. जुन्या वर्कशॉपच्या जागेवर चार मजली अपार्टमेंट बांधणाऱ्याला मात्र हे कोणी विचारत नाही.

मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनींवर १९९१ पासून केवढं रण माजलं! तिसरा हिस्सा महापालिकेला, तिसरा म्हाडाला की मालकालाच सगळं, यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जमीन कोणाची, यावर एवढी भांडणं. जमिनीत काय आहे, यावर चार ओळीही नाहीत.

(दृश्य : जुन्या शेडचं सिमेंट पत्र्याचं छप्पर. तेलाने काळी पडलेली फरशी. बंद ट्रान्सफॉर्मर.)

निवेदन :
तपासणीची सुरुवात यंत्राने होत नाही. आधी कागद : जुने नकाशे, बॉयलरची नोंद, वीज जोडणीचे आराखडे. मग माणसं. पाळीवर चाळीस वर्षं गेलेल्या कामगाराला विचारावं, रंगाचं पाणी कोणत्या नालीने जायचं? बॉयलरची राख कुठे टाकायचे? कोणत्या कोपऱ्यात ड्रम उलटे करायचे? ही उत्तरं कुठल्याही दप्तरात नसतात. तज्ज्ञाने दहा ठिकाणी अंदाजाने भोकं पाडण्यापेक्षा मुकादमाने दाखवलेल्या दोन जागा खोदाव्यात, हे आमचं मत.

कापड गिरणीपुरतं बोलायचं, तर शोध कशाचा घ्यायचा हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. कोळशाच्या राखेतले धातू. यंत्रांचं तेल. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली पीसीबी नावाची क्लोरीनयुक्त रसायनं. छपराच्या पत्र्यातलं अॅस्बेस्टॉस. पाडकाम करताना पत्रे फोडले, तर त्याचे तंतू हवेत उडतात. आणि रंगखात्यातलं क्रोमियम, कारण काही रंग कापडावर पक्के करायला डायक्रोमेट हे क्रोमियमचं संयुग वापरत.

मग ड्रिलिंग. वेगवेगळ्या खोलीची माती काचेच्या बरणीत भरायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची. बरणी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, याची सही घ्यायची. ही सही नसेल, तर पुढे कोर्टात त्या आकड्याची किंमत शून्य.

(दृश्य : उन्हाळ्यातली भेगाळलेली काळी जमीन, अगदी जवळून.)

निवेदन :
इथे नागपूरची जमीन आपला स्वभाव दाखवते. काळ्या मातीच्या चिकण कणांवर ऋण विद्युतभार असतो. शिसं धन भाराचं, म्हणून ते या कणांना धरून बसतं आणि बहुतेक वरच्या थरातच राहतं. तिथे धोका असतो धुळीतून, मुलांच्या हातातोंडातून. डायक्रोमेटमधलं सहा संयुजेचं क्रोमियम उलट ऋण भाराचं. चिकण माती त्याला धरत नाही आणि ते पाण्याबरोबर चालू लागतं.

त्यात मे महिन्यात याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो. खाली कठीण खडक, शहराच्या पश्चिमेला बेसॉल्टचा. त्यातलं पाणी गाळाच्या प्रदेशासारखं सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, ते फटींमधून वाहतं. म्हणून एका बोअरचं पाणी स्वच्छ आणि शेजारच्या प्लॉटवरचं खराब, असं सहज घडतं. एकाच बोअरच्या रिपोर्टवर निश्चिंत होणारी सोसायटी आम्हाला तरी धाडसी वाटते.

बेसमेंट खोदताना रात्रंदिवस पाणी उपसतात, तेव्हा आजूबाजूचं पाणी त्या खड्ड्याकडे ओढलं जातं आणि दूषित पाणीही त्याच्याबरोबर निघतं. नवी बोअर नीट केसिंग, म्हणजे पाइपचं अस्तर, न करता मारली, तर वरचं घाण पाणी खालच्या फटीत उतरायला आयती वाट मिळते.

या शहराकडे एक फुकटची सोय मात्र आहे. पेंच आणि कन्हानचं पाणी नळाला आलं आणि महाल, इतवारीतल्या वाड्यांच्या विहिरी मागे पडल्या. कुठे त्यात निर्माल्य पडतं, कुठे वर जाळी टाकलेली आहे. भूजल तपासायला नव्या विहिरी खोदायच्या तर खर्च येतो. इथे त्या आधीच खोदलेल्या आहेत. उपसून साफ करा, पातळी मोजा, नमुना घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि एकूण क्रोमियमची ०.०५.

मातीचा आकडा वाचणं याहून अवघड, कारण तिथे काय बांधायचं त्यावर मर्यादा बदलते. कॅनडाची मार्गदर्शक मूल्यं उदाहरणादाखल घेऊ. एक किलो मातीत शिसं शेतजमिनीसाठी ७० मिलिग्रॅम, घरं आणि बागांसाठी १४०, दुकानांसाठी २६०, कारखान्यासाठी ६००. म्हणजे दोनशे मिलिग्रॅम शिशाच्या प्लॉटवर मॉल चालेल, बालवाडी नाही. नगररचना विभागात वापर बदलाची फाईल औद्योगिकमधून निवासीत जाते, तेव्हा हा आकडा फाईलला जोडलेला असायला हवा.

(दृश्य : नीरीचं प्रवेशद्वार.)

निवेदन :
गंमत अशी, की अशी तपासणी करणारी देशातली मोठी संस्था नागपुरातच आहे. नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५८ मध्ये स्थापन झाली. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारातल्या माती-पाण्याचा अभ्यास तिने केला. त्या कारखान्यातला ३३७ टन कचरा पिथमपूरला न्यायला जानेवारी २०२५ उजाडला. दुर्घटना १९८४ ची!

आपल्या जिल्ह्यातही नीरीचं एक काम आहे. गुमगाव खाणीतल्या मँगनीजच्या उजाड ढिगाऱ्यांवर या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्याची प्रेसमड मळी घातली, मुळांशी राहणारे जीवाणू आणि बुरशी दिली आणि झाडं जगवली. ते ढिगारे खाणीचे होते, गिरणीच्या जागेला तीच कृती जशीच्या तशी लागू पडेल असं नाही. कुठे माती उचलून बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्रात न्यावी लागेल, कुठे वर पक्का थर देऊन भागेल, कुठे फक्त बोअर मारायला बंदी पुरेल. बऱ्याच जागा तपासणीनंतर साफही निघतील. तेही कागदावर यायला हवं, कारण नुसत्या संशयानेच जमीन वर्षानुवर्षं पडून राहते.

पण कागदावर आलं म्हणजे भागलं, असंही नाही. अमेरिकेत नायगारा फॉल्स गावी हूकर केमिकलने रसायनं पुरलेली जमीन १९५३ मध्ये शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. खाली काय पुरलंय, त्याचा इशारा खरेदीखतात होता. तरी तिथे शाळा झाली, बाजूला घरं झाली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवावं लागलं आणि दोन वर्षांनी प्रदूषण करणाऱ्याकडून सफाईचा खर्च वसूल करणारा कायदा आला.

(दृश्य : जिल्हाधिकारी कार्यालयाचा आवार.)

निवेदन :
भारतात दूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियम यायला जुलै २०२५ उजाडला. त्यांनुसार स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, संशय टिकला तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. जबाबदार कोण तेही मंडळानेच शोधायचं, आणि सापडला तर खर्च त्याचा. खाणी आणि कचरा डेपो साधारणपणे या नियमांबाहेर आहेत, त्यामुळे नागपूरच्या भांडेवाडी डेपोचा प्रश्न वेगळ्या टेबलावर राहतो.

या यादीत जागा जायला नागरिकाची तक्रारही निमित्त ठरू शकते. तक्रारीला प्रयोगशाळेचा रिपोर्ट जोडायची गरज नाही, ते काम मंडळाचं. घरात मिलमधून रिटायर झालेले बाबा किंवा आजोबा असतील, तर त्यांच्याकडून एका कागदावर नकाशा काढून घ्या : बॉयलर, रंगखातं, तेलाची कोठी, ट्रान्सफॉर्मर, राखेचा ढीग आणि नाली कुठून कुठे जायची ते. वर्ष आठवत असेल तर तेही लिहा. एक प्रत महापालिकेला द्या, एक जिल्हाधिकारी कार्यालयाला, आणि पोच घ्यायला विसरू नका.