घर पूर्वेला, फुटपाथ पश्चिमेला

हा फोटो जरा नीट बघा. १९६१ सालचं बर्लिन, रस्त्याचं नाव बेर्नाउअर श्ट्रासे. या जुन्या चार-पाच मजली बिल्डिंगा पूर्व बर्लिनमध्ये, म्हणजे कम्युनिस्टांच्या ताब्यात, आणि त्यांच्या समोरचा फुटपाथ मात्र पश्चिम बर्लिनचा. घरात असेपर्यंत पूर्वेत, उंबरठा ओलांडला की पश्चिमेत. युरोपची फाळणी म्हटलं की आपण नकाशावरची रेघ बघतो, पण इथे ती रेघ लोकांच्या दारातून गेली होती.

हे झालं कसं, तर १९४५ ला महायुद्ध संपल्यावर जर्मनीचे चार वाटे पडले, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया, आणि बर्लिन शहर पूर्णपणे रशियाच्या वाट्याच्या पोटात असूनही त्याचेही परत चार वाटे केले. १९४९ मध्ये पूर्व आणि पश्चिम जर्मनी असे दोन वेगळे देशच झाले. १९५२ पासून दोन्ही जर्मनींमधली सीमा तारा घालून बंद होत गेली, फक्त बर्लिनमध्ये वाट उघडी राहिली, लोकल पकडायची आणि पलीकडे उतरायचं, बस्स. १९४९ ते १९६१ या बारा वर्षांत २५ लाखांहून जास्त लोक पूर्व जर्मनी सोडून गेले, त्यात डॉक्टर, इंजिनिअर, तरणीताठी पोरं. देश रिकामा व्हायला लागला होता हो.

१५ जून १९६१ ला पूर्व जर्मनीचे नेते वाल्टर उल्ब्रिख्ट पत्रकारांसमोर म्हणाले, भिंत बांधायचा कोणाचाही इरादा नाही. आणि १३ ऑगस्टला, रविवारी, लोक सकाळी उठून बघतात तर रस्त्यांवर काटेरी तारा. पुढे त्या तारांच्या जागी भिंत उभी राहिली, तीच बर्लिनची भिंत.

बेर्नाउअर श्ट्रासेवर आधी बिल्डिंगांचे पुढचे दरवाजे बंद केले, मग खालच्या खिडक्या विटांनी बुजवायला घेतल्या, तसतसे लोक वरच्या मजल्यांवरून उड्या मारायला लागले आणि खाली पश्चिमेचे फायर ब्रिगेडवाले चादरी ताणून उभे.

४८ नंबरच्या घरात तिसऱ्या मजल्यावर इडा झिकमान राहायच्या. नवरा गेलेला, एकट्याच, आणि बहीण राहायची काही गल्ल्या सोडून, पण पश्चिमेत. २१ ऑगस्टला त्यांच्या बिल्डिंगचा दरवाजा बुजवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली गादी-अंथरूण आणि थोडंफार सामान खिडकीतून खाली टाकलं आणि स्वतः उडी मारली, खाली चादर ताणून व्हायच्या आतच. हॉस्पिटलला नेतानाच त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना ५९ वर्षं पूर्ण होणार होती. भिंतीपायी गेलेल्या त्या पहिल्या. मला त्या गादीचंच राहून राहून वाटतं, पलीकडे गेल्यावर झोपायला अंथरूण लागेल एवढा साधा विचार होता त्यात.

२४ सप्टेंबरला ७७ वर्षांची एक आजी खिडकीबाहेर लोंबकळत होती, वरून पूर्वेची माणसं तिचे हात धरून आत ओढतायत आणि खालून पश्चिमेची माणसं पाय धरून खाली, त्याचं शूटिंग आहे, बघवत नाही. आजी शेवटी खाली चादरीत पडली आणि वाचली. त्यानंतर या रस्त्यावरच्या सुमारे २ हजार लोकांना घरातून उठवून दुसरीकडे पाठवलं, खिडक्या बुजवल्या, पुढे बिल्डिंगाही पाडल्या.

याच रस्त्यावर एक चर्च होतं, नाव सलोख्याचं चर्च. सीमेवरच्या दोन भिंतींच्या मधल्या, पहाऱ्याच्या पट्ट्यात अडकलं, कोणालाच आत जाता येईना, आणि जानेवारी १९८५ मध्ये सरकारने ते सुरुंग लावून पाडलं. भिंत त्यानंतर पाच वर्षंही टिकली नाही, ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली.

आता त्याच जागेवर एक छोटं चॅपेल आहे, भिंती कुटलेल्या मातीच्या आणि त्या मातीत जुन्या चर्चचाच चुरा मिसळलाय. शेजारी, जिथे पहारेकरी बंदूक घेऊन फिरायचे, तिथे राय नावाचं धान्य पेरतात. कापणी होते, दळण होतं, त्याच पिठाचा पाव चॅपेलमधल्या प्रार्थनेला वापरतात.