गर्डर कुठं लावायचा?

(दृश्य: पहाट. रस्त्याकडेच्या घराची ओसरी, झाकलेला माठ.)

झाकणावरून बोट फिरवलं की काळं निघतं. हे यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या कोळसा पट्ट्यातलं गाव. नाव सांगत नाही, इथं पाच-सात कोसांत अशी बरीच आहेत. मुख्य रस्त्यानं वळसा पडतो म्हणून कोळशाचे आणि रेतीचे टिप्पर थेट गावातून जातात. शाळा, पार, पाण्याची टाकी, सगळं त्याच रस्त्याला लागून.

दहा चाकी टिप्परला मालासकट 28.5 टनांची परवानगी आहे. 2018 पर्यंत ती 25 टन होती. आणि गावचा डांबरी रस्ता 3.75 मीटर रुंद! आसावरचा भार दुप्पट झाला, तर रस्त्याची झीज साधारण 16 पट होते. खड्डे का बुजत नाहीत, ते यात आलं.

मग ग्रामसभेत ठरलं, रस्ता बाहेरच्या गाड्यांना बंद. गावाच्या दोन्ही तोंडांशी आडवा लोखंडी गर्डर, उंची नऊ फूट. टाळ्या पडल्या.

(दृश्य: कापसानं भरलेली गाडी, वर दोर आवळणारे दोघं.)

टाळ्या थांबल्या त्या कापसाच्या प्रश्नावर. कोळसा जड, तो डाल्यात, म्हणजे गाडीच्या हौद्यात बसतो. कापूस हलका, तो वर रचावा लागतो. जिनिंगला निघालेली गाडी कित्येकदा टिप्परपेक्षा उंच दिसते. म्हणजे गर्डर आधी अडवणार कापूस. शेतकऱ्यानं गाडी अर्धीच भरायची? दोन खेपांचं भाडं कोण देणार? हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, कसा आत येणार? दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या गंजीला आग लागली, तर बंब कुठून यायचा? 108 ची गाडी खालून निघेलही, पण रात्री अनोळखी ड्रायव्हर कमान बघून थबकणार, हे बाळंतपणाचं घर असलेल्यांना सांगावं लागत नाही. एसटीचं तर कुणी मोजलंच नव्हतं.

थोडक्यात, रस्ता सगळ्यांना बंद हवा होता, आपल्यापुरता सोडून. यात हसण्यासारखं काही नाही. रस्ता शेवटी त्यांच्याच दारातून जातो.

(दृश्य: पांदण, पलीकडे कुडाची घरं.)

टिप्पर हवेत विरणार नाहीत. ते या पांदणीनं वळतील, कोलाम आदिवासींच्या पोडाकडून, म्हणजे वस्तीकडून. ग्रामपंचायत एकच, पण त्या सभेत पोडातली माणसं मागं उभी होती. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि मला वाटतं, खरी चूक तिथंच झाली.

आणखी एक गोष्ट. नुसत्या ठरावानं रस्ता बंद होत नाही. मोटार वाहन कायदा 1988, कलम 115. ठराविक प्रकारच्या वाहनांना मनाई करण्याचा अधिकार शासनाचा किंवा शासनानं नेमलेल्या अधिकाऱ्याचा. बंदी महिन्याहून जास्त असेल, तर राजपत्रात अधिसूचना लागते. यात एक वाट मात्र आहे: उंची न बघता वाहनाचा प्रकार बघायचा. जड वाहनांना मनाई, शेतमालाला सूट. मग कमानीऐवजी फाट्यावर माणूस उभा करावा लागतो, रात्रीही. त्याचा पगार कोणी द्यायचा, यावर पुढची सभा अडली आहे.

(दृश्य: ग्रामपंचायतीची भिंत, संध्याकाळ.)

गर्डर आणून ठेवलाय. सध्या त्यावर शेजारच्या घरची गोधडी वाळते आहे. मागून टिप्पर गेला की बाई उठते, गोधडी झटकते आणि पुन्हा टाकते.