डबीवरचा दुसरा आकडा

मंडळी, ब्रेक ऑइलच्या डबीवर दोन उत्कलनबिंदू असतात. मोठ्या अक्षरांत छापतात तो कोरडा, म्हणजे सील फोडल्याक्षणीचा. बारीक अक्षरांतला ओला, म्हणजे ऑइलमध्ये साधारण 3.7 टक्के पाणी मुरल्यावरचा. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट 3 साठी हे आकडे किमान 205 आणि 140 अंश सेल्सियस, डॉट 4 साठी 230 आणि 155, डॉट 5.1 साठी 260 आणि 180. गोव्यातल्या माणसाने आधी बारीक अक्षरं वाचावीत.

डॉट 3, 4 आणि 5.1 ही ग्लायकॉलची ऑइलं, आणि ग्लायकॉलचं ऑइल हवेतली आर्द्रता ओढून घेतं. ब्रेकच्या रबरी नळ्यांमधून (होज) आणि ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातल्या छिद्रातून ती आत शिरते. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते त्याच हवेत आपली गाडी चार महिने उभी असते. मे महिन्यात भरलेलं महागडं ऑइल ऑक्टोबरात रेसिंग ट्रॅकवर नेलं, तर डबीवरच्या पहिल्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

उष्णता किती, तेही पाहा. 1200 किलोची गाडी ताशी 160 वरून 60 वर आणली की सुमारे 10 लाख ज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात तीन लिटरांहून जास्त पाणी उकळीला येईल. आणि हे एका वळणापुरतं! कोइमतूरच्या करी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला प्रत्येक लॅपमध्ये अशी ब्रेकिंग पुन्हा पुन्हा येते. बरीचशी उष्णता चाकाबरोबर फिरणारी डिस्क हवेत सोडते, उरलेली डिस्कवर घासणाऱ्या पॅडमधून, त्याला दाबणाऱ्या पिस्टनमागच्या ऑइलपर्यंत पोचते. पॅड झिजून पातळ झाला की हा रस्ता आखूड होतो. म्हणून अर्ध्याखाली गेलेले पॅड घेऊन ट्रॅकवर जाऊ नये, ऑइल कितीही चांगलं असो.

ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. पेडल दगडासारखं कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर दोष पॅडचा. तिथे ऑइल बदलून काही होणार नाही. हा फरक न ओळखता लोक पैसे घालवतात. तिसरा प्रकार असा : पहिल्यांदा पेडल लांब जातं, दुसऱ्या दाबाला नेहमीच्या उंचीवर येतं. तेव्हा चाकाच्या बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) किंवा वाकडी डिस्क तपासा, कारण डिस्क हलली की पॅड मागे ढकलले जातात. मात्र थोडी वाफ असली तरीही पंप केल्यावर पेडल वर येतं, तेव्हा एवढ्यावरून निकाल देऊ नका.

आता निवड. रोज वापरायची आणि वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाणारी गाडी असेल, तर चांगलं डॉट 4 किंवा 5.1 घ्या आणि ट्रॅकच्या आदल्या आठवड्यात ताजं भरा. माझ्या मते ताजं साधं ऑइल वर्षभर मुरलेल्या रेसिंग ऑइलपेक्षा केव्हाही बरं. जोरात चालवणाऱ्यांसाठी मोट्युल आरबीएफ 600 आहे, कोरडा सुमारे 312, ओला 205 च्या आसपास. कॅस्ट्रॉल एसआरएफचा कोरडा 310 च्या वर आणि ओला 270. महाग आहे, पण दमट हवेत पैसे त्या दुसऱ्या आकड्यासाठीच मोजायचे. नुसतं डॉट 5 मात्र सिलिकोनचं असतं. ते 5.1 चं भावंड नव्हे! ग्लायकॉलमध्ये ते मिसळत नाही, एबीएसमध्ये (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेत) फेसाळतं. आणि इंजिन ऑइलचा थेंबही टाकीत जाऊ देऊ नका, सगळे रबर सील फुगतात.

भरण्याचं काम दोघांचं. एक लिटर पुरतं. टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढून नवं भरा, मग कंपनीच्या मॅन्युअलमधल्या क्रमाने एकेक चाक घ्या. कॅलिपरवरच्या (पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या भागावरच्या) निपलवर, म्हणजे हवा काढायच्या स्क्रूवर, पाना आणि पारदर्शक नळी लावा, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. आतल्याने पेडल दाबून धरायचं, बाहेरच्याने निपल पाव वळसा सैल करून पुन्हा घट्ट करायचं, मगच पेडल सोडायचं. हा क्रम चुकला की हवा उलटी आत जाते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबलं की मास्टर सिलिंडरच्या (पेडलने ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) गंजलेल्या भागावरून सील फिरतं आणि फाटतं. टाकी किमान खुणेखाली गेली तर सगळं पहिल्यापासून. रंगावर थेंब पडला की लगेच पाण्याने धुवा. उरलेली अर्धी डबी पुढच्या वर्षासाठी फडताळात ठेवू नका.

ट्रॅकवर शेवटची लॅप ब्रेक न वापरता, हळू चालवा. तापलेली गाडी थेट पिटमध्ये उभी केली की वारा थांबतो आणि डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये उतरते. धावताना न उकळलेलं ऑइल तिथे उभ्या उभ्या उकळतं. हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. परतीला निघण्याआधी, सगळं गार झाल्यावर, पेडल दाबून बघा. जरा जरी मऊ लागलं तरी तिथेच पुढच्या दोन्ही कॅलिपरमधून हवा काढा. गोव्यात घरी येताना अनमोड किंवा चोर्ला घाट उतरायचा असतो, आणि तो उतार गिअर खाली ठेवून, इंजिनावर गाडी रोखत उतरा.