रंग वाळलाय, पण कच्चा आहे

[दृश्य: सकाळचं ऊन. जमिनीवर पाणी शिंपडणारा हात.]

बेळगाव, खानापूर रोड. उद्यमबागच्या मागच्या अंगाला असलेल्या या गॅरेजात रंगाचा दिवस पाण्यानं सुरू होतो. आधी जमीन भिजवायची. धूळ खाली बसली, की मगच गाडी आत. इथली तांबडी माती चपलेला लागून कुठंही पोचते, आणि ओल्या लॅकरवर, म्हणजे रंगावरच्या चकचकीत पारदर्शक थरावर, तिचा एक कण बसला, तर तो आतच गाडला जातो.

गाडी जुनी मारुती ८००, केए २२ पासिंग. मालक वडगावचे. दसऱ्याला गाडी दारात नव्यासारखी उभी राहावी, एवढंच त्यांचं मागणं. खंडेनवमीला बारा दिवस उरलेत.

[दृश्य: पत्र्यावर फिरणारा पॉलिश पेपर, खाली ओघळणारं दुधट पाणी.]

मिस्त्रींना गॅरेजातली पोरं मामा म्हणतात. मामांनी गेले सहा दिवस या गाडीला रंगाचा थेंबही लावलेला नाही. पोचे ठोकून काढले, गंज खरवडला, पुट्टी भरली. मग ८० नंबरचा पेपर, १८०, ३२०. त्यावर प्रायमर, आणि पुन्हा पाणी मारत ८०० चा हात. प्रत्येक पेपरनं आधीच्या पेपरचे ओरखडे पुसायचे. एक नंबर मध्येच गाळला, तर तो ओरखडा रंगाखालून वर दिसतो, कितीही कोट मारा.

आता मामांचा हात बघा. डोळे मिटलेत आणि तळहात दारावरून सरकतोय. डोळ्याला न दिसणारा खोलगट भाग तळहाताला कळतो. थांबले. तिथं पेन्सिलीनं गोल केला. म्हणजे पुन्हा पुट्टी, पुन्हा ३२०. तीस वर्षं हाच हात या कामाला लागलेला आहे, आणि मला वाटतं, गाडी रंगवणं खरं इथं होतं. गनचा फवारा त्यानंतरचा.

[दृश्य: गन. निवेदन नाही. कॉम्प्रेसरचा आवाज, लाल रंगाचा पट्टा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं.]

रंगाचे तीन कोट झाले. आता लॅकर. डबे दोन आहेत, एकात लॅकर, दुसऱ्यात हार्डनर. दोन भागांना एक भाग. हार्डनर ओतून झाला, की मामा लगेच झाकण ठोकून बसवतात. त्याला हवेतली ओल चालत नाही, आणि परतीच्या पावसात इथल्या हवेत ओलच ओल. तोंडावर बांधलेला रुमाल इथं पुरत नाही, हार्डनरमधल्या आयसोसायनेटनं रंगाऱ्याला दमा जडू शकतो. त्यासाठी वेगळा मास्क मिळतो, तो वापरायलाच हवा.

[दृश्य: लॅकरचा शेवटचा हात. बॉनेटमध्ये गॅरेजचं छप्पर दिसू लागतं.]

चकाकी आली. हीच वेळ फसवी असते.

रंग वाळणं वेगळं आणि रंग पक्का होणं वेगळं. थिनर उडून गेला, की रंग वाळतो. अर्ध्या-पाऊण तासात त्यावर धूळ चिकटेनाशी होते, दुसऱ्या दिवशी बोटाला काही लागत नाही. पण लॅकर आणि हार्डनर आतल्या आत एकमेकांत गुंतत राहतात, साखळीला साखळी जोडत जातात, आणि हे काम पुढं कित्येक दिवस चालतं. गुऱ्हाळात बघितलं असेल. साच्यात ओतलेल्या गुळावर पापुद्रा धरतो, वरून ढेप तयार दिसते, पण बोट दाबलं तर आत अजून ऊन आणि मऊ. गाडीवरचा हा थर माणसाच्या केसाहूनही पातळ असतो, तरी त्याची गत तीच.

कारखान्यात नवी गाडी रंगवतात, तेव्हा नुसता पत्रा १४० अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीतून जातो आणि रंग पक्का होऊनच बाहेर येतो. वापरातली गाडी तशी भाजता येत नाही. वायरिंग, रबर, प्लॅस्टिक, पेट्रोलची टाकी, सगळं जागेवर असतं. मोठ्या वर्कशॉपात बूथ, म्हणजे तापवता येणारी बंद खोली असते, तिथं ६० अंशांवर अर्धा तास धरतात. मामांकडं बूथ नाही. मामांकडं ऊन आहे. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, त्या गार हवेचं कौतुक आपल्यालाही आहे, पण रंगाला ती रेंगाळत ठेवते.

‘वाळलंय की मामा!’ दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले.

‘वाळलंय. कच्चं हाय अजून. सव्वा महिना बाळंतिणीगत जपा.’

[दृश्य: गॅरेजच्या दारावर खडूनं लिहिलेल्या दोन ओळी.]

हात लावू नका. खाली कन्नडमध्ये, मुट्टबेडी. गिऱ्हाईक दोन्ही भाषांतलं आहे.

[दृश्य: बॉनेटवर चिकटलेलं पाखरू, अगदी जवळून.]

रात्री दिव्यावर आलेलं पाखरू. पोरगा नख पुढं करतो आणि मामा त्याचं मनगट धरतात. आत्ता उपटलं, तर त्याच्याबरोबर लॅकरचाही लचका निघेल. राहू दे. रंग धरला, की २००० चा पेपर पाण्यात भिजवून हलका हात फिरवायचा, वर बफिंग. खूणही उरत नाही.

आणि हे पिवळं फडकं. गाडीवर धूळ दिसली, की आपला हात आपोआप त्याच्याकडं जातो. माझ्या मते कच्च्या रंगाचं सगळ्यात जास्त नुकसान हेच फडकं करतं. कोरड्या फडक्याखाली तांबड्या मातीचा कण पॉलिश पेपरचंच काम करतो, आणि खालचं लॅकर अजून मऊ. धूळ बसली तर बसू दे. पहिला आठवडा गाडी धुवायचीच नाही. पावसात भिजली, तर घाबरायचं कारण नाही. फक्त थेंब उन्हात जागच्या जागी वाळू द्यायचे नाहीत, त्यांची वर्तुळं उमटतात. मऊ ओलसर कापडानं अलगद टिपून घ्यायचे. आठवड्यानंतर सावलीत, गार साध्या पाण्यानं, टपावरून खाली धुवायची. जोराची धार, फिरते ब्रश, कपड्यांची पावडर, यातलं काहीही महिनाभर नको.

कव्हरही नको. मालकांना हे पटायला वेळ लागला. जपायचं म्हणजे झाकायचं, असंच आपल्याला वाटतं. पण आतला उरलासुरला थिनर अजून बाहेर पडतो आहे, त्याला वाट हवी. वॅक्स आणि पॉलिशनं तीच वाट बुजते. रंग बनवणाऱ्या कंपन्या वॅक्ससाठी निदान ३० दिवस थांबायला सांगतात, काही तर ६० आणि ९०.

[दृश्य: चिंचेचं झाड, फांदीवर कावळे.]

सावली छान आहे, पण गाडी इथं लावू नका. पाखरांची विष्ठा आंबट असते, उन्हात ती लॅकरमध्ये उतरते आणि वाळताना पृष्ठभाग ओढून घेते. पडलीच, तर ओलं कापड वर ठेवून द्यायचं, पाच मिनिटं भिजू द्यायची आणि उचलून घ्यायची. घासायची नाही. पेट्रोल भरताना टोपणाखाली ओघळ आला, तर मात्र पाच मिनिटंसुद्धा थांबायचं नाही, तिथल्या तिथं पाणी ओतायचं.

गळीत हंगाम लागला, की चिक्कोडी, निपाणी, हुक्केरी भागात साखर कारखान्याच्या धुराड्याची काळी राख उडते. तीही पाण्यानंच उतरवायची, बोटानं पुसायला गेलात तर रेघ उठते. उसाच्या ट्रॉलीमागं गाडी चिकटवू नका.

[दृश्य: वडगावची गल्ली. झेंडूच्या माळा, लिंबं, नारळ.]

खंडेनवमी. रंगाला आज बारावा दिवस.

मालकांच्या आईंनी ताट आणलंय. हळद, कुंकू, कापूर. ओलं बोट कुंकवात बुडतं आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं बॉनेटकडं निघतं.

‘आई, तिथं नको. काचेवर लाव.’

‘काचेवर?’

‘मामांनी सांगितलंय. रंग कच्चा हाय.’

[दृश्य: बोट हवेत थांबलेलं. चेहरा. निवेदन नाही.]

हळदीचा पिवळा डाग मऊ लॅकरमध्ये मुरतो. हळदीला चुना लावून केलेलं कुंकू तर क्षारयुक्तच. काचेवर दोन्ही निर्धास्त लावावं. आईंनी स्वस्तिक समोरच्या काचेवर काढलं, पाच बोटं चारही टायरांना लावली. झेंडूची माळ दरवर्षी चिकटपट्टीनं बॉनेटवर बसते. यंदा ती दोऱ्यानं बंपरला बांधली. आरतीचा कापूर ताटातच राहिला. नारळ दोन हात लांब, दगडावर फोडला, तरी पाण्याचे चार थेंब दारावर उडालेच, ते लगेच टिपून घेतले. ‘श्री रेणुका प्रसन्न’चा नवा स्टिकर आणलेला आहे, तो डॅशबोर्डच्या खणात ठेवला. सौंदत्तीला जाऊन आल्यावर लावायचा.

काही गाड्या आठव्या दिवशीच सर्व्हिसिंगला जातात, चरे घेऊन गॅरेजात परत येतात, बोल रंगाऱ्याला लागतो आणि दुसरा हात त्याला पदरमोड करून मारावा लागतो.

[दृश्य: उद्यमबाग. उन्हात उभी लाल गाडी.]

अडतिसावा दिवस. मामा दार उघडतात. आतल्या कडेला, जिथं कुणाची नजर जात नाही, तिथं अंगठ्याचं नख दाबतात. बोट बाजूला घेऊन वाकून बघतात.

खूण उमटलेली नाही.

[दृश्य: मामा वॅक्सचा डबा उघडतात. तळहात बॉनेटवर. डोळे मिटलेले.]