बीपीची गोळी, ती काय औषध?

नमस्कार मंडळी. आज रोजच्या गोळ्यांबद्दल बोलूया, म्हणजे डॉक्टर लिहून देतात त्या, बीपीच्या, शुगरच्या, थायरॉइडच्या. तुमच्या घरात फ्रीजवर श्रीखंडाचा रिकामा डबा असेलच, त्यात सगळ्या स्ट्रिप्स कोंबलेल्या. तो डबा जरा जवळ घेऊन बसा.

बीपीपासून सुरू करते, कारण मला माझ्या मामांची गोष्ट सांगायचीय. मामा लालबागला राहतात, जुन्या चाळीत, गिरणीतून रिटायर झालेले. त्यांना खोकला लागला. कोरडा, कफ नाही, ताप नाही, पण रात्री आडवं झालं की सुरू. मामींनी अडुळसा दिला, ज्येष्ठमध दिलं, हळदीचं दूध दिलं. मग गॅलरीतला प्रत्येक माणूस सांगायला लागला, कोणी म्हणे कबुतरांमुळे, कोणी म्हणे शेजारी टॉवरचं काम चाललंय त्याची धूळ, कोणी म्हणे गिरणीतला कापूस इतक्या वर्षांनी बाहेर येतोय. (या गॅलऱ्या नव्या बिल्डिंगमधेही हव्यात असं माझं ठाम मत आहे, दार उघडलं की माणूस दिसला पाहिजे, रात्री कोण खोकतंय हे शेजाऱ्याला कळलं पाहिजे.) असो. दोन महिने गेले, खोकल्याच्या सिरपच्या चार बाटल्या संपल्या, एक अँटिबायोटिकचा कोर्स झाला. एक्सरे काढला, क्लिअर. टीबीच्या शंकेने थुंकी तपासली, त्यातही काही नाही, पण रिपोर्ट येईपर्यंत मामींनी त्यांचं ताट-वाटी वेगळं ठेवलं होतं आणि मामा त्या ताटाकडे बघून जेवतच नव्हते. मी तेव्हा तिथे होते, मला ते अजून आठवतं.

मग एका ओपीडीत एक तरुण डॉक्टर भेटली. तिने विचारलं, काका, अजून काही औषध चालू आहे का? मामा म्हणाले, नाही. तिने परत विचारलं, रोजचं काही? तर म्हणाले, छे, ती बीपीची एक आहे फक्त, ती काय औषध! मंडळी, सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. याआधीच्या प्रत्येक डॉक्टरला मामांनी मनापासून हेच सांगितलं होतं, औषध काही चालू नाही. मी घरी जाऊन तो श्रीखंडाचा डबा घेऊन आले, डॉक्टरने स्ट्रिप बघितली, रॅमिप्रिल, आणि म्हणाली, हा या गोळीचा खोकला आहे.

आता ते कसं, ऐका. आपल्या शरीरात एक एन्झाइम असतं, ते रक्तवाहिन्या आवळणारं रसायन तयार करतं. ही गोळी त्या एन्झाइमला अडवते, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं. पण तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचं दुसरं एक रसायन मोडायचं कामही करतं, ते काम थांबलं की ब्रॅडिकायनिन साठतं आणि काही जणांना घशात सारखी खवखव होते. सगळ्यांना नाही, काहींनाच. या औषधांचं मूळ ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषात आहे, त्यावरून सुचलेली पहिली गोळी, कॅप्टोप्रिल, अमेरिकेत 1981 साली मंजूर झाली. परळची हाफकिन संस्था, सापाच्या विषावर काम करणारी, आणि तिथले साप लालबागमधे सगळ्यांनाच माहीत, त्यामुळे मामांना हे ऐकून फार कौतुक वाटलं.

डॉक्टरने गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली. ती पुढच्या पायरीवर काम करते, ब्रॅडिकायनिनच्या वाटेला जात नाही. तीन आठवड्यांत खोकला गेला. परत सांगते, नावाच्या शेवटी प्रिल असेल आणि कोरडा खोकला हटत नसेल तर डॉक्टरला तसं सांगा. आणि हेही परत सांगते, गोळी आपल्या मनाने बंद करू नका, बीपी पुन्हा चढतं आणि ते चढलेलं कळत नाही.

केमिस्टकडून चार गोळ्या कापून आणता ना, त्यात नाव आणि एक्स्पायरी दुसऱ्या तुकड्यावर जाते. मला हे अजिबात पटत नाही. नाव छापलेला तुकडा मागून घ्या, तो मागायचा तुम्हाला हक्क आहे.

वेळ थोडाच उरलाय, बाकीचं भरभर सांगते. अ‍ॅम्लोडिपिन ही पण बीपीचीच, ती रक्तवाहिनीच्या स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाही म्हणून तो सैल राहतो. तिने काहींचे घोटे सुजतात, तेही डॉक्टरच्या कानावर घाला. मेटफॉर्मिन शुगरची, लिव्हर जी जास्तीची साखर रक्तात सोडतं त्याला मुख्यतः ती आवर घालते, जेवणासोबत घ्या म्हणजे पोट बिघडत नाही. पॅन्टोप्राझोल पोटातले अ‍ॅसिड तयार करणारे पंप बंद करते, म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास, जळजळ सुरू झाल्यावर नाही.

आणि थायरॉइडची गोळी. ती सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहासोबत नाही. मग निदान अर्धा तास थांबा, मग चहा. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी असेल तर मधे चार तास जाऊ द्या, नाहीतर ती थायरॉइडची गोळी नीट अंगात मुरतच नाही. चार तास. मामी दोन्ही एकदम घ्यायच्या, हे त्याच दिवशी त्याच डब्यातून निघालं.